पाचव्या पेपरचे गुण

४ जून

प्रिय मावशी,

फोनवर तुझ्याशी बोलण्यात अर्थ नाही. तू "बरं बरं, ठेवते" म्हणतेस आणि खरंच ठेवतेस. म्हणून लिहिते आहे. हातात आलेला कागद शेवटपर्यंत वाचल्याशिवाय तुझ्याच्याने खाली ठेवला जात नाही, हे मला ठाऊक आहे.

नवा आदेश तुमच्या शाळेत पोचला असेलच. पुढच्या जूनपासून अध्यापन परवाना नसलेल्या कुणालाही वर्गात उभं राहता येणार नाही. मग तो काल लागलेला असो, नाहीतर तुझ्यासारखा सत्तावीस वर्षं खडू खाल्लेला असो. परवाना हवा तर आमच्या कॉलेजात एक वर्षाचा प्रशिक्षणक्रम करायचा, निरीक्षकासमोर चाळीस पाठ घ्यायचे आणि शेवटी परवाना मंडळाची परीक्षा द्यायची. अर्ज ३१ जुलैपर्यंत. आणि अर्ज येतात कुठे? तुझ्या भाचीच्या टेबलावर! तीन वर्षं या प्रवेश विभागात शिक्के मारते आहे, पण कुणा आपल्या माणसाच्या कामी आले नव्हते.

आता गंमत ऐक. नव्या उमेदवारांना प्रवेश परीक्षा आहे, मुलाखत आहे. पंचवीस वर्षं नोकरी झालेल्यांना दोन्ही माफ. तुला फक्त कागद द्यायचेत: पदवीची गुणपत्रिका, किमान पन्नास टक्के, शाळेचा सेवादाखला, पोलिसांचा चारित्र्याचा दाखला आणि डॉक्टरांचं तब्येतीचं प्रमाणपत्र. इतकंच. लोक इथे प्रवेश परीक्षेच्या नावाने रडताहेत आणि तुला नुसते चार कागद!

एक सांगून ठेवते, आमच्याकडे कुणाचा शब्द चालत नाही. गुणपत्रिकेची प्रत विद्यापीठात जाते, तिथल्या जुन्या वहीशी ताडून पाहतात आणि "जुळले" असं लिहून परत येते. मग मी शिक्का मारते. तुझ्या अर्जावर मारीन तेव्हा टेबल हलेल.

कागद पाठव. लगेच.

तुझी चिंगी

१५ जून

चिंगे,

पत्र मिळालं. शेवटपर्यंत वाचलं. तुझं अक्षर नोकरी लागल्यापासून बिघडलं आहे, शिक्के मारून मारून हाताला वळण राहिलं नाही.

आदेश आला आहे. स्टाफरूममध्ये चिकटवला आहे आणि त्याच्यापुढे रोज कुणीतरी उभं राहून उसासा टाकून जातं. आमच्या मुख्याध्यापिका माझ्यापेक्षा चौदा वर्षांनी लहान. त्या म्हणाल्या, "बाई, तुमचं काय, तुम्ही सहज करून टाकाल." मी हसले.

पण मी काही अर्ज करणार नाही. एक्कावन्नाव्या वर्षी चाळीस पाठ आणि तुझ्या वयाचा निरीक्षक मागच्या बाकावर बसून लिहिणार, "फळ्याचा वापर समाधानकारक." शोभेल का? गुडघे जिने चढू देत नाहीत. या वर्षी तिसरीचा वर्ग आहे, एकेचाळीस मुलं, त्यात एक मुलगी गेलं वर्षभर शाळेत एक शब्द बोललेली नव्हती. परवा तिने पहिल्यांदा "बाई, पेन्सिल" म्हटलं. हिला सोडून मी तुमच्या कॉलेजात "बालमानसशास्त्र" शिकायला येऊ?

परीक्षा माफ केली म्हणतेस. परीक्षा असती तर दिली असती ग. खरंच दिली असती, पास झाले असते.

काढलं तर काढू देत. घरी बसून झोप काढीन. तू जेवणाच्या वेळा सांभाळ, मागच्या वेळी फार वाळलेली दिसलीस.

मावशी

२२ जून

मावशी,

तुझ्या पत्रातलं एक कारणही धड उभं राहत नाही.

गुडघे: वर्ग तळमजल्यावर आहेत. निरीक्षक: चाळीस पाठ तू चाळीस दिवसांत घेशील आणि तोच तुझ्याकडून काहीतरी शिकून जाईल. ती मुलगी: पुढच्या जूनमध्ये तुला वर्गाबाहेर काढलं की तिच्यासारखी दुसरी कुणी तुझ्याऐवजी कुणाकडे पेन्सिल मागणार? आणि "घरी बसून झोप काढीन" हे तू कुणाला सांगतेस? उन्हाळ्याच्या सुट्टीत आठव्या दिवसापासून तू घरातल्या कपाटांना रांगेत उभं करायला लागतेस.

तुला वर्गातून उठवलं तर तू वर्षभरात म्हातारी होशील. मला ते बघवणार नाही. सरळ सांगते, मला भीती वाटते.

कागद शोधायचा कंटाळा असेल तर मी येते. रविवारी येऊन ट्रंक उपसते. तू फक्त चहा कर.

चिंगी

२ जुलै

चिंगे,

या रविवारी येऊ नकोस. घराला रंग लावायला काढला आहे, बसायला जागा नाही. पुढच्या रविवारी शाळेचं काम आहे.

गुणपत्रिका कुठे आहे ते आठवत नाही. ट्रंकेत असेल, नाहीतर मागे पाणी शिरलं होतं तेव्हा गेली असेल. एवढी वर्षं कुणी मागितली नाही, मीही बघितली नाही. तू तुझं काम कर. इतर शेकडो अर्ज असतील, त्यांच्याकडे लक्ष दे. माझ्या मागे लागू नकोस.

मावशी

९ जुलै

प्रिय मावशी,

आधी बैस. मग रागाव.

तुझा अर्ज झाला! भरला, जोडला, नोंदवला. अर्ज क्रमांक दोनशे सतरा.

कसा, ते सांगते. गुणपत्रिका पाण्यात गेली म्हणून तू हात टेकलेस, पण मी याच धंद्यातली आहे हे विसरलीस. नोकरीला लागताना प्रत्येकाच्या सेवापुस्तकात गुणपत्रिकेची सत्यप्रत लावलेली असते. तुमच्या शाळेच्या क्लार्कला चिठ्ठी पाठवली. बिचाऱ्याने दुसऱ्या दिवशी सेवादाखला आणि ती प्रत दोन्ही पाठवलं. सत्तावीस वर्षांपूर्वीची, टाइप केलेली, कडा पिवळ्या झालेल्या, खाली तुमच्या जुन्या हेडसरांची हिरव्या शाईतली सही आणि गोल शिक्का. काय ऐट आहे त्या कागदाची!

आणि हो, पाचव्या पेपरात चोपन्न! बाकी सगळीकडे साठच्या वर आणि इथे चोपन्न! मला गणितात पंचावन्न पडले तेव्हा तू दोन दिवस माझ्याशी बोलली नव्हतीस. आता बोल.

तब्येतीचं आणि चारित्र्याचं नंतर दिलं तरी चालतं. राहिली सही. "वर दिलेली सर्व माहिती व जोडलेले कागद खरे आहेत, खोटे आढळल्यास मी कारवाईस पात्र राहीन" याच्याखाली अर्जदाराची सही लागते. ती मी केली. तुझी सही मला तुझ्याइतकीच येते, हे तुला माहीत नाही, पण येते. कुणाला शंकाही येणार नाही. विभागात सगळे म्हणतात मी फार नियमाची आहे. एवढा एकच नियम मोडला, तोही तुझ्यासाठी.

भरलेल्या अर्जाची प्रत सोबत पाठवते आहे. जपून ठेव. परवाना मिळाला की दोघी मिळून हसू.

तुझी हट्टी
चिंगी

१८ जुलै

चिंगी,

अर्ज परत घे.

कारण विचारू नकोस. मी तुला आजवर कधी काही मागितलेलं नाही. हे मागते आहे. जिथे असेल तिथून काढून घे आणि फाडून टाक. विनंती समज. मी तुला विनंती करते आहे, चिंगे.

मावशी

२५ जुलै

मावशी,

तुझं पत्र वाचून डोळ्यांत पाणी आलं. इतका मानी माणूस मी पाहिला नाही. भाचीने खटपट केली हे तुला सहन होत नाही, असंच ना? तुझ्यासाठी कुणी काही केलं की तुला अंगाला खाज सुटते. माझ्या पहिल्या पगाराची साडी तू दोन वर्षं घडी न मोडता ठेवली होतीस.

अर्ज आता परत घेता येत नाही. पडताळणीच्या प्रती सोमवारी विद्यापीठाकडे गेल्या, तीनशे बारा एका गठ्ठ्यात. यादी मीच टाइप केली. अर्ज मागे घ्यायचा तर अर्जदाराने स्वतः येऊन हेडक्लार्कसमोर लिहून द्यावं लागतं. आमच्या हेडक्लार्कना इथे सगळे "भिंग" म्हणतात, कारण ते प्रत्येक सही भिंगाखाली धरतात. तू आलीस आणि तुझी खरी सही माझ्या सहीशेजारी ठेवली, तर माझं काय होईल ते तूच बघ. तेव्हा गप्प बसून राहा, एवढंच कर.

मंजुरीचं पत्र आलं की तुझा राग उतरेल. मला ठाऊक आहे.

चिंगी

२० ऑगस्ट

मावशी,

महिना होत आला. फोन उचलत नाहीस. शेजारच्या काकूंना विचारलं, म्हणाल्या शाळेत रोज जातात, नेहमीच्या वेळेला. म्हणजे बरी आहेस. मग इतका राग? एक ओळ तरी लिही. नुसतं "पत्र पोचलं" एवढं लिहिलंस तरी चालेल.

चिंगी

३ सप्टेंबर

मावशी,

विद्यापीठाचा गठ्ठा आज सकाळी आला.

मी एकेक कागद काढून अर्जाला लावत होते. जुळले, जुळले, जुळले. हात आपोआप चालत होता. दोनशे सतरा नंबर आला तेव्हा मी शिक्का उचललेलाच होता. टेबल हलवायचं ठरवलं होतं ना.

कागदावर लिहिलं आहे: "मूळ नोंदीशी जुळत नाही. प्रश्नपत्रिका पाचवी: गैरहजर. निकाल: अनुत्तीर्ण." आणि खाली त्या पेपराची तारीख.

आधी मला वाटलं विद्यापीठाची चूक. जुन्या वह्या, फाटलेली पानं, असं होतं कधीकधी. मग तारीख परत वाचली. मावशी, ती तारीख मला पाठ आहे. दरवर्षी त्या दिवशी तू आईचा फोटो पुसतेस आणि मला म्हणतेस, "जास्त वेळ उभी राहू नकोस, थकशील." आई त्या दिवशी गेली.

कागद मी खणात ठेवला आहे, कुलूप लावून. भिंग आज रजेवर आहेत. उद्या येतील, पण या गठ्ठ्यात अजून पंच्याण्णव कागद बाकी आहेत, त्यांना एक कमी आहे हे आठवडाभर कळणार नाही. "जुळले"चा शिक्का माझ्याच हातात आहे. नोंदवहीत दोनशे सतरासमोर मी फक्त एक शब्द लिहायचा.

मारू का? मला काय करायचं ते सांग. आणि चोपन्न कुठून आले ते सांग.

चिंगी

८ सप्टेंबर

चिंगे,

शिक्का मारू नकोस.

हे आधी लिहिलं, कारण पुढचं वाचून तू काहीतरी करून बसशील. कागद खणातून काढ, अर्जाला लाव आणि नेहमीसारखा हेडक्लार्कांकडे दे. आपल्या घरात एक खोटा कागद झाला तेवढा पुरे.

आता सांगते. खरं तर तू सोळा वर्षांची झालीस तेव्हाच सांगायचं होतं. मग म्हटलं कॉलेज होऊ दे, मग नोकरी लागू दे. माझं धाडस असंच पुढे ढकलत गेलं.

तुझी आई महिनाभर दवाखान्यात होती. तुझे बाबा त्याच्या आधीच आपल्याला सोडून गेलेले. पाचव्या पेपराच्या सकाळी मी तिच्या खाटेशी बसले होते. ती म्हणाली, "जा, पेपर देऊन ये. मी कुठे पळून चालले आहे?" मी गेले. हॉलच्या दारात रांगेत उभी होते, हातात हॉल-तिकीट. तेवढ्यात खालच्या मजल्यावरच्या वहिनी फाटकातून धावत आल्या, कडेवर तू. त्यांना काही बोलावं लागलं नाही. तू हात पुढे केलास आणि माझं तिकीट ओढून त्याचा कोपरा तोंडात घातलास. वर्षाची होतीस, दात येत होते. ते तिकीट ट्रंकेत आहे अजून. पाण्यात काही गेलं नव्हतं. गुणपत्रिकाही आहे.

पुढच्या वर्षी पेपर द्यायचा होता. तुला गोवर आला. त्याच्या पुढच्या वर्षी अभ्यासक्रम बदलला, जुना पेपर बंद. मधल्या काळात घरात दोन माणसं होती आणि नोकरी नव्हती. शाळेचे हेडसर भले गृहस्थ. त्यांनी माझा वर्ग पाहिला आणि म्हणाले, "पोरी, पेपर दे सावकाश, तोवर फाइलला एक कागद लागतो." त्यांनी माझी गुणपत्रिका टायपिस्टसमोर ठेवली. त्या काळी सत्यप्रतीवर हेडसरांची सही असली की मूळ कागद कुणी मागत नसे. टायपिस्ट पाचव्या पेपरापाशी थांबला. विचारलं, "इथे किती?" हेडसर माझ्याकडे बघायला लागले.

मी म्हटलं, "चोपन्न."

दुसऱ्या कुणी नाही सांगितलं. मीच सांगितलं. साठ म्हणायची हिंमत झाली नाही, पन्नासाच्या खाली गेलं तर शंका येईल असं वाटलं. इतका विचार केला मी त्या क्षणी. म्हणून म्हणते, मला बिचारी समजू नकोस.

सत्तावीस वर्षं मी मुलांच्या वहीत खाडाखोड दिसली की विचारत आले, "हे कोणी केलं?" प्रत्येक वेळी मला चोपन्न आठवत असे. आता निदान ते थांबेल.

तुझ्यावर राग नाही. नव्हताच. तुला दोन पत्रं लिहिली आणि फाडली.

मावशी

१४ सप्टेंबर

मावशी,

कागद लावला. भिंगांनी वाचला, चष्मा काढून पुसला, परत वाचला आणि कुणाकडेही न बघता प्राचार्यांच्या खोलीत गेले. संध्याकाळपर्यंत परवाना मंडळाकडे पत्र गेलं. तीस तारखेला सुनावणी आहे. तुला बोलावणं येईल.

तुझं पत्र मी किती वेळा वाचलं ते लिहीत नाही. मी तिकीट खाल्लं आणि मीच अर्ज भरला. दोन्ही वेळा मीच. तू "नको, नको" म्हणत होतीस आणि मला वाटलं तू जिने चढायला घाबरतेस. आईच्या मागे मला मोठं करणाऱ्या माणसाला मी स्वतःच्या हाताने फाशी द्यायला निघाले आणि वर त्या कागदाची ऐट लिहून पाठवली. मला माफ कर असं म्हणायचीसुद्धा लाज वाटते.

पण रडून झालं. आता नीट ऐक. मी सगळे नियम वाचले आहेत.

तू खोटी प्रत स्वतः सही करून परवाना मंडळाला दिलीस असं ठरलं, तर तुझं नाव मंडळाच्या वगळलेल्यांच्या वहीत कायमचं जाईल, शाळा त्याच दिवशी काढून टाकेल आणि पोलिसांत तक्रार जाईल. पण अर्जावरची सही तुझी नाहीच! तू अर्ज केलाच नाहीस, मंडळाला काही खरं किंवा खोटं सांगितलंच नाहीस. मग उरते शाळेच्या फाइलमधली जुनी प्रत, ती शाळेची आपसातली गोष्ट. तुमच्या मुख्याध्यापिकांना मी भेटून आले. त्या डोळे पुसत म्हणाल्या, "एवढंच असेल तर मी बाईंना मार्चमध्ये सन्मानाने निवृत्त करीन, कुणाला काही कळायची गरज नाही."

तेव्हा तीस तारखेला तुला आत बोलावलं आणि "सही तुमची आहे का" असं विचारलं, की फक्त "नाही" म्हण. पुढचं मी सांगते. मी बाहेर बाकावर बसलेली असेन. माझी नोकरी जाईल, कदाचित खटलाही होईल. होऊ दे. मी एकोणतीस वर्षांची आहे, दुसरं काहीतरी करीन. कुठेही शिक्के मारीन.

खरंच बोलायचं आहे तुला. सत्तावीस वर्षांनी पहिल्यांदा खरं बोलायची संधी आहे, आणि तेच तुला वाचवणार आहे. "नाही" म्हण, मावशी. एवढं माझं ऐक.

चिंगी

१ ऑक्टोबर

चिंगे,

काल तू बाकावर बसली होतीस, निळ्या ओढणीत, गुडघ्यावर फाइल घेऊन. मी पाहिलं. तुला न भेटता मागच्या जिन्याने उतरून गेले म्हणून रागावू नकोस. थांबले असते तर तू आत शिरली असतीस.

तुला उगाच ताटकळत ठेवलं त्यांनी. तुला बोलवायची गरजच उरली नाही, कारण पहिल्या पाच मिनिटांत सगळं झालं होतं.

लांब टेबल होतं. तिघे मंडळाचे, एक तुमच्या प्राचार्यबाई आणि कोपऱ्यात तुमचे भिंग. मधल्या गृहस्थांनी अर्ज माझ्याकडे सरकवला आणि विचारलं, "बाई, ही सही तुमची का?" मी म्हटलं, "हो."

ते म्हणाले, "नीट बघून सांगा. आमच्या हेडक्लार्कना शंका आहे. शाळेच्या हजेरीपटावरच्या सहीपेक्षा ही वेगळी दिसते." मग मला कोरा कागद दिला आणि तीन वेळा सही करायला सांगितली.

मला वाटलंच होतं असं काहीतरी करतील. तू पाठवलेली अर्जाची प्रत माझ्याकडे होती. गेले दहा दिवस शाळेतून आल्यावर मी ती समोर ठेवून बसत होते. आपलीच सही दुसऱ्याच्या वळणाने गिरवणं सोपं नाही, तुला सांगते. पहिलं अक्षर तू जाड काढतेस, मधलं जवळजवळ गिळतेस. निम्मी वही भरली तेव्हा कुठे जमलं. काल तिन्ही वेळा बिनचूक उतरली. भिंगांनी त्यांचं ते भिंग काढलं, बराच वेळ पाहिलं आणि म्हणाले, "एकाच हातची आहे." मी म्हटलं, अलीकडे बोटं दुखतात, त्यामुळे हजेरीपटावर सही आखडते.

तुझं म्हणणं मी समजले होते. तू हिशोब नीट मांडला होतास, चूक काढायला जागा नव्हती. पण त्या खोलीत "नाही" म्हटलं असतं तर चोपन्न मी सांगितले ते मागे राहिलं असतं आणि तू पुढे आली असतीस. मग शिक्षा कुणाला झाली असती? तो पेपर मी चुकवला होता, तू नाही. आणि तू एकोणतीस वर्षांची आहेस म्हणूनच. माझे वर्ग घेऊन झाले आहेत.

निकाल तोंडी सांगितला. नाव वहीत जाईल. तक्रारही जाईल, ती कधी ते कळवतील. शाळेला पत्र आजच पोचलं. मुख्याध्यापिकांनी मला खोलीत बोलावलं आणि ते पत्र नुसतं उलटसुलट करत बसल्या, तेव्हा मीच त्यांना पाणी दिलं. वर्गात जाऊन पिशवी आणायची परवानगी दिली. मुलांना सांगितलं की उद्यापासून नव्या बाई येतील. ती पेन्सिलवाली मुलगी काही बोलली नाही. परत गप्प झाली. ते मात्र माझ्याने बघवलं नाही.

आता माझं ऐक. तू राजीनामा देणार नाहीस. कुणापुढे काही कबूल करणार नाहीस. उद्या वेळेवर कामावर जा आणि बाकीच्या अर्जांना शिक्के मार. हे खोटं आपल्या दोघींत राहील, आणि ते मी जन्मभर निभावू शकते, मला सवय आहे. तुला नसावी म्हणून सांगते, पुन्हा कुणाची सही करू नकोस. माझीसुद्धा नाही.

आणि ती तुला कितीही येते असं वाटलं तरी तुला नीट येत नाही, चिंगे. शेवटची रेघ तू फार लांब ओढतेस. सातवीच्या प्रगतिपुस्तकावरही ती तेवढीच लांब होती. मी तेव्हाही काही बोलले नव्हते.

मावशी